विहिरीवरची बादली

शेजारच्या सुनेचं प्रेत विहिरीतून काढलं, पण पंचनाम्याला दोन पंच मिळेनात. जमादारांनी मला बोलावलं. "कायले जाऊन राह्यली, साधना?" बाबा म्हणाले, "रिसोडच्या कोर्टात चकरा मारत बसशील." मी गेले, बाबाही मागोमाग आले. जमादारांनी वाचून दाखवलं, "पाणी शेंदताना पाय घसरला. कर सही." मी काठावर नजर फिरवली. "पण बादली कुठं हाये?" बुडी मारून आलेला इंद्रभान म्हणाला, "तळाशी तं नाई." तिच्या सासऱ्यानं खूण करताच दिरानं घरून कोरडी बादली आणून सगळ्यांदेखत काठावर ठेवली. "हे काय, इथंच तं होती." मी पेन घेतला. "सही करते. पण बादली आत्ता घरून आणली, हे बी लिहा." जमादारांनी गर्दीकडं पाहिलं. "मंग दुसरा पंच कोन?" माणसं एकेक पाऊल मागं सरकली. बाबा जागचे हलले नाहीत.