बशीतली कॉफी

व्हर्जिल मॅब्रीला शेवटी पोलिसांनी पकडलंच. पण तसं काही झालंच नाही असं सध्या धरून चालू, कारण व्हर्जिलही तसंच धरून चालला होता.

भागीदार हार्लन क्रूसचा खून त्याने केला नव्हता, तरी शिक्षा मृत्यूची झाली. म्हणून तो तुरुंगातून पळाला आणि सॅन फ्रान्सिस्कोच्या धक्क्याजवळच्या कॅफेत हॅट डोळ्यांवर ओढून बसला.

इथे न विचारताच कॉफी ओततात, त्यात विशेष काही नाही. पण वेट्रेस लोरेटाने दोन कप भरले. दुसरा शेजारच्या रिकाम्या स्टुलासमोर ठेवला.

ही पोलिसांना खूण असणार, असं वाटून व्हर्जिल उठला आणि काउंटरच्या टोकाकडे, शेवटून दुसऱ्या स्टुलावर जाऊन बसला. लोरेटा दोन्ही कप घेऊन मागोमाग आली.

"एका जागी बसा ना रे राजा, दोघं."

"मी एकटाच आहे, बाई."

"भांडलात वाटतं."

शेजारची कॉफी आता बशीत होती. बशीत ओतून हार्लन प्यायचा. त्याची बायको त्यावरून रोज त्याचा उद्धार करायची. बशीतल्या कॉफीवर फुंकरीची लाट उठली. मग कॉफी थोडी कमी झाली.

लोरेटाने रिकाम्या स्टुलाकडे कान नेला. "हा म्हणतोय, तू याला मारलंच नाहीस."

दारातून दोन पोलीस आत आले.

"कोर्टात सांगेल का?" व्हर्जिलने हळूच विचारलं.

तिने पुन्हा ऐकलं. "सांगेल म्हणतोय. पण समन्स लागेल."

तरी माननीय न्यायालयास अर्जदार व्हर्जिल मॅब्रीतर्फे नम्र विनंती, की मयत हार्लन क्रूस यांस बचावाचे साक्षीदार म्हणून समन्स बजावावे, पत्ता काउंटरचे शेवटचे स्टूल. आणि साक्षीच्या वेळी त्यांना कपासोबत बशी द्यावी.