किंचाळणारी मोटार

छताखालच्या एकाच शाफ्टवरून कारखान्यातली सगळी यंत्रं पट्ट्यांनी फिरत, आणि त्या खडखडाटात तातोबा टर्नर वीस वर्षं लेथवर खुशाल नाट्यपदं गात आला होता. कुणी कधी नावं ठेवली नाहीत, म्हणून आपला गळा गोड आहे याबद्दल त्याला शंकाच नव्हती.

आज पट्टे उतरले आणि त्याच्या लेथला स्वतःची विजेची मोटार बसली. आवाज म्हणाल तर मांजर घुरघुरावं एवढाच. लेथ सुरू करताच तातोबानं सवयीनं तान घेतली.

फोरमन आगाशे केबिनमधून धावत आले. “बंद करा! बेअरिंग किंचाळतंय!”

मोटार थांबली, तातोबाही थांबला. आगाशे मोटारीला कान लावून बसले. “करा सुरू.” हात हँडलवर गेला आणि तान आपोआप सुटली.

“हेच! सदोष माल. उद्याच परत पाठवतो. पट्टा चढवा पुन्हा.”

आता कुठे तातोबाच्या डोक्यात उजेड पडला. त्यानं नव्या मोटारीकडं पाहिलं. असली मोटार पुन्हा मिळायची नव्हती.

“साहेब, मोटार ठणठणीत आहे. किंचाळतंय ते बेअरिंग माझ्या गळ्यात आहे.”