धरलं, सोडलं

“माझ्या दिराला तुम्ही पाडलंत, साहेब. वाऱ्याने नाही, ढगाने नाही. तुम्ही.”

चौकशीच्या खोलीत ती अजून बसलीही नव्हती. साहेबांनी खुर्चीकडे बोट दाखवलं. ती उभीच राहिली. तिच्या मागे पल्याडच्या मनोऱ्यावरचा टकल्या, मान खाली घालून.

दिराच्या विमानात इंधन नव्हतं, बॅटरीही नव्हती. पाहुण्यांसमोर साहेबांना मिरवायचं होतं ते तेच. जमिनीवरच्या मनोऱ्यातून न दिसणारा झोत सोडायचा, त्यातल्या ताकदीवर वर पंखे फिरायचे. एका मनोऱ्याचा टप्पा संपत आला की पुढच्याने विमान धरायचं, मग मागच्याने सोडायचं. अलीकडचा मनोरा तिचा होता.

“हिरवा दिवा लागला की सोडायचं,” साहेब म्हणाले. “दिवा लागला होता.”

“लागला होता. मी सोडलंही. हात माझाच.” तिने तो टेबलावर ठेवला. “पण मनोरा तयार आहे, एवढंच दिवा सांगतो. विमान धरलंय हे नाही सांगत. म्हणून आम्ही बोलायचो. हा ‘धरलं’ म्हणायचा, मगच मी ‘सोडलं’.”

साहेबांच्या कपाळाला आठ्या पडल्या. “पाहुण्यांसमोर भोंग्यावर काय ऐकू जायचं? ‘टकल्या, डोकं चमकतंय तुझं, धर की लवकर.’ म्हणून त्या दिवशी तुमचे माईक बंद केले मी. विमान आहे ते. विहिरीतली बादली नाही.”

“बादली पडली तर गळ टाकून काढता येते.”

टकल्या पहिल्यांदाच बोलला. “ढगात हरवला होता तो. मी शोधतच होतो. ‘थांबा’ म्हणून ओरडलो. माईक बंद.”

“झालं ते वाईट झालं,” साहेब म्हणाले. “पण विमान असं उडू शकतं, हे सिद्ध झालंय. पुढच्या आठवड्यात पुन्हा उड्डाण. माणूस ठरलाय.”

“आणि आमचं बोलणं?”

“बंदच राहील.”

ती टेबलावर वाकली.

“पंखे थांबले तेव्हा तो विचारत होता, ‘वहिनी, धरलंय ना कुणी?’ मला ऐकू येत होतं. बोलता येत नव्हतं. झोत मी परत लावला होता. ‘माझ्याकडे वळ’, एवढंच त्याला सांगायचं होतं. खाली चालू माईक एकच होता, साहेब, आणि तो तुमच्या हातात होता. परत परत विचारत होता तो. काय उत्तर दिलंत त्याला? मला सांगा. मी इथून हलत नाही.”