शेवटची पंगत

पहिल्या पंगतीत, अगदी वरच्या जागी, मंगलाबाई बसली होती. दरवर्षी तिथेच बसते. गुजराती मुलखातल्या बमरोलीच्या या गल्लीत खानदेशातून आलेल्या घरांची मिळून एक कानबाई देवी बसते. सकाळी तिला वाजतगाजत निरोप दिला की दुपारी वरण-बट्टीचा भंडारा, आणि पहिली पत्रावळ प्रमुख बाईची. जेवणं उरकली की बाया हात वर करून पुढच्या वर्षीची प्रमुख ठरवतात. आजवर मंगलाबाई सोडून दुसऱ्या कुणासाठी हात वर गेला नव्हता.

यंदा मात्र तिच्या पोटात सकाळपासून जळत होतं. कारण सुवर्णा. वाशिमकडची पोर, नवरा लूमवर, गल्लीत आली ती परवा-परवा. तिच्या घराण्यात कानबाईची रीतसुद्धा नाही. रविवारी गल्लीतली पोरं ओट्यावर गोळा करून काहीबाही शिकवते, आणि आता पोरांबरोबर बायाही तिच्याच मागे. “सुवर्णा, मीठ बघ गं.” “पाण्याचं पिंप कुठे ठेवायचं, सुवर्णाला विचारा.” मंगलाबाईला कुणी मीठ बघायला बोलावलं नाही. प्रमुख बाईला कोण काम सांगणार, अशी तिने स्वतःची समजूत घातली. समजूत काही पटली नाही.

वाढायला यंदा पोरं होती. तेही सुवर्णाचंच डोकं. मंगलाबाईची नात गायत्री, दुसरीतली, दोन्ही हातांनी ओगराळं धरून वरण वाढत आली. शेजारीण मंदाने बादली धरली होती. आजीच्या पत्रावळीपाशी गायत्री थांबली, आणि तशीच पुढे सरकली.

“ओ बाय, माले वाढ ना.”

“आजी, तू आगेवान शे ना? सगळ्यांची प्रमुख?”

“मंग?”

“आगेवान शेवटी जेवतो. आधी सगळ्यांचं पोट भरलं का बघतो. सुवर्णाबेननी शिकवलंय.”

पंगतीत कुणीतरी फिसकन हसलं. मग सगळ्या मंगलाबाईकडे बघायला लागल्या. ते जास्त वाईट होतं.

मंगलाबाई उठली. पदर नीट केला. “बरोबर शे,” ती सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली. “मी शेवटली पंगतमा बससू.”

आणि ती पिंपाजवळ खुर्ची टाकून बसली. पोटात सकाळचा चहा होता, बाकी काही नाही. समोरून पंगती उठत होत्या, बसत होत्या. मिलमधून सुटलेली माणसं जेवली, कोपऱ्यावरच्या खोलीतली ओडिया पोरं जेवली. मंगलाबाईला त्यांच्याशी देणंघेणं नव्हतं. ती एकटीवर डोळा ठेवून होती. सुवर्णा अजून जेवायला बसली नव्हती.

शेवटी दोन पत्रावळींपुरतं उरलं. जेवलेल्या बाया ओट्यांवर टेकून बघत होत्या.

“मावशी, बसा आता. मी वाढते,” सुवर्णा म्हणाली.

“तू बस आधी.”

“तुम्ही मोठ्या आहात.”

“मोठी म्हणूनच सांगते. बस.”

“तुम्हाला साखर आहे मावशी. चक्कर येऊन पडाल.”

“माझ्या साखरेचं तू नको बघू.”

दोघी हसत बोलत होत्या. दोघींचं हसणं सारखंच खोटं होतं. एकीने दुसरीचा दंड धरला, दुसरीने पहिलीचं मनगट. दोघी एकमेकींना पत्रावळीकडे ढकलायला लागल्या. एका बाईने मोबाइल काढून शूटिंग सुरू केलं. त्या ओढाताणीत सुवर्णाची बांगडी फुटली. तेव्हा ती शरमली, मुकाट्याने बसली आणि मान खाली घालून जेवली.

मंगलाबाईने आपली पत्रावळ गल्लीच्या मधोमध मांडली, सगळ्यांना दिसेल अशी.

“वाढ गं बाय.”

गायत्रीने पातेलं तिरकं केलं. बट्ट्या टाकल्या, बुडाशी उरलेलं वरण खरवडून वाढलं. मंगलाबाईने बट्टी कुस्करली. तूप नव्हतं, चाललं. घास उचलला आणि ओट्यांकडे बघत मोठ्याने विचारलं, “कुणी राहिलं तर नाही ना जेवायचं?” असा प्रश्न तिने आजवर कधी विचारला नव्हता.

“गायत्री राहिली ना,” रिकामी बादली विसळता विसळता मंदा म्हणाली. “पहिल्या पंगतीपासून वाढतेय पोर.”

सगळ्यांनी गायत्रीकडे पाहिलं. फ्रॉकवर वरणाचे डाग, हात कोपरापर्यंत पिवळे. मागे पातेलं पालथं पडलेलं.

“मग आता हात हिच्यासाठी वर करायचा की काय?” ओट्यावरून कुणीतरी म्हणालं. बाया खळखळून हसल्या. सुवर्णा सगळ्यांत जोरात हसली.

मंगलाबाईचा घास हातातच राहिला. सकाळपासून ज्या नजरेने ती सुवर्णाकडे बघत होती, ती नजर नातीवर आली आणि तिथेच थांबली. मग तिने घास खाली ठेवला आणि पत्रावळ पुढे सरकवली.

“आठे ये बाय,” ती म्हणाली. आवाज एकदम मऊ होता. “पहिले तू खाय.”

गायत्रीने ओट्यांकडे पाहिलं. बाया बघत होत्या. तिने ओगराळं छातीशी घट्ट धरलं.

“नही आजी. पहिले तू.”