शालिकरामची इंग्रजी रेकॉर्ड

पाठवणीची जीप दाराशी लागली आणि लाउडस्पीकरवाल्या शालिकरामने ती इंग्रजी रेकॉर्ड लावली. लकडगंजातल्या प्रत्येक पाठवणीला तो तीच लावी. शब्द कोणालाही कळत नसत. पण गिटारचे पहिले सूर उमटले की बायकांचे पदर डोळ्यांना लागत.

वधूपिता मनोहरराव मात्र शाळेत इंग्रजी शिकवीत. एका रात्रीचे प्रेम करून पहाटे कायमचा निघून जाणाऱ्या पुरुषाचे ते गाणे आपल्या शामलेच्या पाठवणीला वाजावे, हे त्यांना सहन होईना.

"शालिकराम, बंद कर गा ते!"

"काहून जी, सर? अख्ख्या मोहल्ल्याच्या पोरी याच गाण्यावर गेल्या. एकही वापस नाही आली!"

वरमाई प्रयागबाई पुढे आल्या. "काय म्हणते जी हे गाणं? काही वाईट-साईट हाय काय?"

शामला वडिलांकडे पाहू लागली. चुकीचे भाषांतर मनोहररावांनी कोणत्याही विद्यार्थ्याला कधी माफ केले नव्हते; आणि खरे सांगावे, तर त्या अपशकुनाचे टोमणे मुलीला सासरी जन्मभर ऐकावे लागले असते. ते कान देऊन उभे राहिले. गायक पहिल्याच कडव्यात होता.

"तो म्हणतो," ते सावकाश म्हणाले, "रात्र फार लहान आहे. सकाळ होऊ नये."

प्रयागबाईंनी शामलेच्या डोक्यावरचा पदर सारखा केला. "खरं हाय बाप्पा. मी निघाली तवा माह्या मायलेही असंच वाटलं असन." मग तिची हनुवटी धरून म्हणाल्या, "रडू नको वं. कोराडी का विलायतेत हाय? उठली की बसमध्ये बस आन ये!"

रडता रडता बायका हसल्या.

कोराडीच्या वीजकेंद्रात अभियंता असलेला नवरदेव सासऱ्यांच्या पाया पडला. उठताना त्यांच्या कानाशी हळूच म्हणाला, "मामाजी, पुढचं कडवं राहू द्या."

मनोहरराव चमकले. "तुम्हाला ठाऊक आहे?"

"होस्टेलात रोज ऐकत होतो जी. अजूनही आवडते."

तो जीपमध्ये शामलेशेजारी जाऊन बसला. चालकाने किल्ली फिरवली, तशी नवरदेवाने पुढे वाकून त्याच्या खांद्यावर हात ठेवला. इंजिन बंद झाले. गाणे संपेपर्यंत जीप जागची हलली नाही.