दर्शनी कपाट

बोटभर उंचीचे सैनिक रंगवून टेबलावर लढाया खेळायच्या त्या दुकानात सगळे त्याला कर्नल म्हणत. नऊ वर्षं खेळात मुरूनही दर्शनी काचेच्या कपाटात त्याचा एकही सैनिक नव्हता. तिथे मान मिळायचा नवशिक्यांनी रंगवलेल्या पहिल्यावहिल्या, मिशा ओघळलेल्या ध्यानांना!

आज दुकानदारकाका एकदाच येऊन गेलेल्या दंतवैद्याचा तिरळा शिपाई हळुवार फुंकर मारून तिथे ठेवायला लागले, तेव्हा कर्नलच्या अंगाचा तिळपापड झाला.

"काका, माझेच सैनिक तुमच्या डोळ्यांत खुपतात का हो?"

काकांनी कपाट लावून घेतलं.

"रंग वाळला की नेतो म्हणाले आणि परत फिरकलेच नाहीत, त्यांचे आहेत रे हे. तुझा इथे ठेवायची वेळ माझ्यावर येऊ नये."