सॅमनची बंदी

लोणावळ्याच्या बाजारात नसीरचाचांचं चिक्कीचं दुकान. त्यांनी उभ्या आयुष्यात कधी गळ हातात धरला नव्हता. तरी उन्हाळा लागला की शेजारच्या मोबाइलच्या दुकानातल्या शहिस्ताला ते रोज एकच बातमी बघायला लावायचे. त्यांचा मुलगा इर्शाद राहतो त्या अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर यंदा सॅमन मासा धरायला परवानगी मिळाली का?

आज बातमी आली. समुद्रातला सॅमन फार घटलाय, म्हणून हौशी लोकांना यंदा अख्खा मोसम मासेमारी बंद.

चाचांनी शेंगदाणा चिक्कीचा पुडा तिच्या हातावर ठेवला.

शहिस्ता बुचकळ्यात पडली. "चाचा, तुमचा इर्शाद दर रविवारी पहाटेच बोटीनं जातो ना, हाच मासा धरायला? तो तिकडं हिरमुसून बसला असेल, आणि तुम्ही माझं तोंड गोड करताय?"

चाचा गल्ल्यामागे जाऊन एक पाटी लिहायला बसले. मुंबईला परतणारी गिऱ्हाइकं रविवारी संध्याकाळीच चिक्कीवर तुटून पडतात, आठवड्याचा निम्मा धंदा तेव्हाच होतो, हे शहिस्तालाही ठाऊक होतं. तरी पाटीवर चाचांनी लिहिलं, 'दर रविवारी संध्याकाळी दुकान बंद राहील.'

शहिस्तानं पाटी पुन्हा एकदा वाचली.



"आपल्याकडं संध्याकाळ झाली की तिकडं पहाट होते," चाचा पाटी दाराला अडकवत म्हणाले. "मागच्या बंदीत दर रविवारी त्याचा फोन यायचा."